अक्कासाठी घडीची सायकल

शनिवार, संध्याकाळ

दुकानातून परत आलो तरी सायकलच्या मधल्या बिजागरीची ती कडी मनातून जात नाही. चालवताना उघडली तर?

मेट्रोतून उतरल्यावर अक्काला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यापर्यंत रोज अर्धा तास चालावं लागतं. म्हणून महिनाभर दोन सायकली बघतोय. लहान चाकांची हलकी आहे, घडी चटकन होते, पण खड्ड्यात हादरते. मोठ्या चाकांची छान पळते, पण तीन जिने चढवायला जड. दाराआडची जागासुद्धा टेपने मोजली. लहानच घ्यायची असं ठरवून आज अक्काला नेलं.

लहान सायकलवर बसून दहा पावलांत ती थांबली. पदराचं टोक मागच्या चाकात गेलं होतं. ती कामाला साडी नेसूनच जाते, रोज बघतो मी! आणि दोन्ही सायकली चालवून बघितल्या त्या पँट घालून.

"सगळं मोजलंस रे, अक्का तेवढी राहिली," ती हसत म्हणाली.

साडीची जाळी फक्त मोठीला बसते, असं दुकानदाराने सांगितलं. मग तिने मोठीवरून गल्लीत फेरी मारली. रस्त्यात कोणी नव्हतं, तरी घंटी वाजवत होती. कडी मी चारदा तपासली. घट्ट आहे.

"सरी, ठीक आहे, पण रोज ही जिन्यांवरून कोण उतरवणार?"

"मी. पाचला उठेन."

"उठशील! तुला रोज मीच उठवते की."

खरं आहे. म्हणजे आधी तिने मला उठवायचं आणि मग मी तिची सायकल उतरवायची. मोठीच सांगून आलो.