चषकाचा दुसरा कान

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. दाजींचा गुडघा आणि तुझा स्वभाव सध्या बरे असतील असं धरून चालतो (एक बरं असलं तरी पुरे). आम्ही ठीक. निदान परवापर्यंत होतो.

काकूंनी घर आवरताना चांदीचा जुना चषक आमच्या गळ्यात मारला, हे तुला कळलंच असेल. कलिंगडाएवढं पोट, दोन बाजूंना दोन मोठे कान, अंगावर ‘बुडत्या होडीतील प्रवाशांस वाचविल्याबद्दल कृतज्ञतेने अर्पण’ अशी अक्षरं आणि खाली काकूंच्या आजोबांचं नाव. ही म्हणाली, छत्र्या ठेवायला बरा (तुझी भावजय तुला माहीत आहे). मी घासायला म्हणून एका हाताने त्याचा कान धरून उचलला, तर चषक कलंडला नाही. सरळ वर आला. पलीकडचा कान कुणीतरी माझ्याबरोबरच उचलावा तसा. दचकून सोडला, तर आपटलासुद्धा नाही, अलगद टेकला. हिला बोलावलं. तिने उचलून पाहिला, पलीकडच्या रिकाम्या जागेकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, “या घरात कुणीतरी हातभार लावतंय म्हणायचं.”

काकूंना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. होडी उलटली तेव्हा पाण्यात आजोबा आणि त्यांचा धाकटा असे दोघे भाऊ उतरले होते. एक लांब फळी दोन टोकांना धरायची, मध्ये बुडणाऱ्याला टाकायचं आणि काठावर आणायचं. सगळे वाचले. शेवटच्या खेपेला थोरल्याने काठावर येऊन मागे पाहिलं, तर फळीचं दुसरं टोक धरायला धाकटा नव्हता. सापडलाच नाही. पुढे सत्कार झाला, चषकावर नाव एकट्या थोरल्याचं. त्याने तो एकाच कानाला धरून घेतला, दुसरा मोकळा सोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि हळूहळू थांबवल्या. कारण एवढा जड चषक सरळच राहिला होता.

मला राहवलं नाही. धाकट्याचं नाव घालून घ्यावं म्हणून चषक नक्षी कोरणाऱ्याकडे नेला. त्याने एक कान धरून उजेडात उचलला, समोर बघितलं, आणि तसाच माझ्या पिशवीत ठेवला. अगदी अदबीने म्हणाला, “तुमच्याबरोबर आलेत त्यांना आधी बाहेर न्या.” आम्ही बाहेर पडलो (पाहा, मीही ‘आम्ही’ लिहायला लागलो) आणि त्याने भर दुपारी दुकान बंद केलं.

दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. चषक पार्सलने तुझ्याकडे पाठवला आहे. नाकारू नकोस. तुमच्याकडच्या कारागिराकडून थोरल्याच्या शेजारी धाकट्याचं नाव कोरून घे. अक्षरं तेवढीच मोठी हवीत. आणि खरं सांगायचं तर, नंतर तो तुझ्याकडेच राहू दे.

आणखी ता. क. वरची शेवटची ओळ खोडली असं समज. पार्सल गेल्यावर मी धुण्याची भरलेली बादली उचलली, आणि ती निम्मीच जड लागली. चषक तिकडे गेला, पण ते इथेच राहिलेत. नाव कोरून झालं की लगेच परत पाठव, त्यांना दाखवायचंय. हिने मघाशी दाराजवळ एक कोरडा टॉवेल ठेवला होता. आत्ता हात लावून पाहिला. ओला आहे.