दीड इंच आखूड

३ फेब्रु.
होडीचा जुना डेक उचकटला. हाताला फळी न्हाय, भुगा लागला. थोरल्या भावानं, अण्णानं, कारवारहून ट्रकात घालून आणलेली शिडाची होडी, हिंडलग्याच्या आमच्या परड्यात वीस वर्षं पडून. वाटणीवरनं बिनसलं तवा त्यानं निरोप धाडलता, ताडपत्री बदल. मी मुद्दाम बदलली न्हाय. आज हे लिहायला हात धजला.
अण्णाचा डावा हात लुळा पडलाय. २५ला त्याची पोरगी त्याला कायमचं पुण्याला नेणार. "त्याआधी एकदा होडीत बसीव रं, हिडकल धरणाच्या पाण्यात." कुठल्या तोंडानं न्हाय म्हणू?

७ फेब्रु.
आमची बहीण आक्का खानापूरहून आलती. तिच्या दारातला फणस दोन वर्षांमागं पडला, त्याचा ओंडका तिनं राखून ठेवलता. "नातीच्या लग्नाला पलंग करायचा हुता. घे."
सॉमिलला द्यायची मापं मीच घेतली. टेपावर आपला भरवसा न्हाय. उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्रीच्या ओतकामाचे लाकडी पॅटर्न केले, त्याच पट्टीनं. केसाचा फरक पडणार न्हाय.

१४ फेब्रु.
फळ्या आल्या. एकबी पुरंना! सगळ्या दीड इंच आखूड. सॉमिलवाल्याला फोनवर नाही नाही ते बोललो. तो थंड. "अळती नीवऽ कोट्टिद्री." माप तुम्हीच दिलेलं.

संध्याकाळी —
सापडलं. आग लागो माझ्या हुशारीला! ओतलेलं बीड थंड झालं की आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरचा फूट आधीच मोठा. फुटामागं एक सूत, इंचाचा आठवा भाग. बारा फुटाला दीड इंच. मी मापलं त्या पट्टीनं, त्यानं कापलं साध्या टेपानं. ह्याच चुकीवरनं मी लोकांना जन्मभर शिव्या घातल्या.
आक्काकडं दुसरा फणस न्हाय.

१९ फेब्रु.
काय सुचंना. अण्णाचा फोन: "किती राहिलं रं?"
"पॉलिश."
फोन ठेवला आणि होडीत बसून लहान पोरागत रडलो.

२२ फेब्रु.
शेवटच्या तुळईला आतनं जोड दिला, फळ्यांची टोकं त्यावर टेकवली. उरलेल्या फटीत आडवी पट्टी. सांध्यात कापूस, वर राळ. ठिगळ ते ठिगळच. तिथनं पाणी शिरलं तर संपलं सगळं, आता हातात वेळबी न्हाय आणि…

२४ फेब्रु.
अण्णा न सांगता आला, पोरीच्या खांद्याला धरून, मागनं आक्का. डेकवर हात फिरवत गेला आणि नेमका आडव्या पट्टीशी थांबला. मग मी सगळं ओकलो. पट्टी, पॉलिश. ताडपत्रीसुद्धा.
"ताडपत्रीचं ठाऊक हुतं मला," म्हणाला. पट्टीवर अंगठा दाबून बघितला. मग, "बादली आण."
आता मी डेकखाली पाय पोटाशी घेऊन बसलोय. एका हातात बॅटरी, मांडीवर ही वही. वर अण्णा, उजव्या हातानं सांध्यावर पाणी ओततोय, आक्का बादली भरून देतीय. दोन झाल्या. सांध्यावरनं नजर हलवायचं धाडस हुईना, म्हणून अक्षर असं.
"आलं का रं पाणी?"
"अजून न्हाय."
त्यानं तिसरी बादली मागितली.