सरकत्या दाराची मापं

कुलियापिटिय, शुक्रवार

आदरणीय दाजी,

तुमच्यावर आणि अक्कावर त्रिरत्नांची कृपा असो. तुमचा गुडघा, अक्काचं साखरेचं पथ्य (पाळत नसणार, ठाऊक आहे) आणि अंगणातली मिऱ्याची वेल, तिन्ही ठीक असतील. आम्ही जिवंत आहोत. त्यापलीकडे चांगलं काही सुचत नाही.

तुम्ही मला विकलेली व्हॅन, जिच्यातून मी शाळेची चौदा मुलं नेतो-आणतो, तिला, शाळेला सुट्टी लागली त्याच दुपारी, नारळाची लॉरी घासून गेली. मुलं नुकतीच उतरली होती, म्हणून मी हे पत्र घरी बसून लिहितोय. सरकतं दार पार चेपलं. सोमवारी शाळा उघडते आणि बिनदाराच्या व्हॅनमध्ये कोण आपलं पोर बसवणार? तेव्हा जुनं दार आणायला कोलंबोत पंचिकावत्तच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. ज्योतिष्यानं नऊ अठ्ठेचाळीसची वेळ काढून दिली होती, दक्षिणेकडे तोंड करून. (दुकानदार उत्तरेला बसला होता. मी त्याच्याकडे पाठ करून दार मागितलं.)

पण मला बावळट समजू नका. बॉनेटखालच्या पाटीवरचा नंबर, गाडीचं वर्ष, लांब बांधा की आखूड, छत उंच की बसकं, दार कुठल्या बाजूचं, सगळं कागदावर उतरवून नेलं होतं. नझीम नावाच्या त्या दुकानदारानं कागद तीनदा वाचला आणि म्हणाला, "कागद जुळतोय हो काका. गाडी कागदासारखी आहे ना?" मला असा राग आला! म्हटलं, माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं विकलेली गाडी आहे. तर म्हणतो, "मग तर मापं घेऊनच यायला हवं होतं." असा फटकळ माणूस.

पत्राकाम करणाऱ्या निमल बास मिस्त्रीनं दार लावलं. पुढची कड चपखल बसली. मागचा रूळ मात्र चार बोटं खाली. बासनं ठोकलं, उचललं, दाराला शिव्या दिल्या, मला दिल्या. शेवटी त्यानं चेपलेलं जुनं दार उलटं केलं, तर त्याला आतून पट्टी जोडून वाढवलेलं! मग तो जमिनीवरची मॅट उचलून रंग खरवडायला लागला. दाजी, जमिनीपासून छतापर्यंत वेल्डिंगची रेघ आहे. पुढची अर्धी व्हॅन एक आणि मागची दुसरीच. ती रेघसुद्धा गंजलीय. बासनं स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो आरपार गेला. मागच्या पत्र्यावरचा रंग काढला तेव्हा खाली अक्षरं निघाली, "अखेरच्या प्रवासात आपल्या सोबत". शववाहिका होती ती. (पडद्यांच्या झालरी खास जपानी आहेत, असं तुम्ही म्हणाला होतात. मी त्या दर पौर्णिमेला धूत होतो.)

 दोन वर्षं चौदा लेकरं त्या रेघेवर पाय ठेवून बसली, गाणी म्हणाली. तुम्हाला हे माहीत होतं का, ते मी विचारत नाही. बास म्हणतो, वरून पत्रा मारून रंग देतो, रविवारपर्यंत कुणाला काही कळणार नाही. मी हो म्हटलं. काय करू? तुम्हीच सांगा.

तुमचा मेहुणा,
सुनंद

ता. क. : मूळ काम राहिलंच. तुमच्या लेकीचा, दिल्हानीचा धाकटा सोमवारपासून माझ्या व्हॅननं शाळेत जाणार, असं अक्कानं परस्पर ठरवलंय. तुम्ही तिला नाही म्हणा. कारण काहीही सांगा, मी दारू पितो म्हणा. मी त्या पोराला त्या व्हॅनमध्ये बसवणार नाही.

आणखी एक : पाकीट चिकटवायच्या आधी आमच्या हिनं, पद्मलतानं, पत्र वाचलं. म्हणाली, "आणि बाकीच्या चौदांना कोण नाही म्हणणार?"  किल्ली तिनं काढून घेतलीय, बासला तिनंच फोन करून काम थांबवलंय. तेव्हा वरचं सगळं रद्द. रविवारी सकाळी मी चौदाही घरी चालत जाऊन खरं काय ते सांगणार आहे. हे पत्र आजच्याच बसच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय, तुम्ही शनिवारच्या बसनं या. प्रत्येक दारात तुम्ही पुढे उभं राहायचं, मी मागे.