मागचं झाकण

३ मार्च, मंगळवार

शेवटी आलाच! फोन आणि गेम, दोन्ही एकाच यंत्रात. आडवा धरला की अंगठे बरोबर बटणांवर बसतात. शर्यतीचा गेम लावला – गाडी वळली की खुर्चीत मीच वळते. दुकानातली पुढची काच अख्खी यालाच दिली. नवरा म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या." म्हणू दे.

५ मार्च

एक अप्पांना दिला. आई गेल्यापासून घरात एकटेच असतात. त्यांच्या हाताला काहीतरी चाळा हवा, आणि मला रोज त्यांचा आवाज. शर्यतीचा गेम आत घालूनच दिला, वर आणखी तीन गेमची पाकिटं. "मी काय लहान आहे का?" म्हणाले, आणि पहिल्याच वळणावर गाडी भिंतीवर घातली.

१४ मार्च, शनिवार

खपत नाही. बोलताना याची कड कानाला लावावी लागते. एक गिऱ्हाईक आरशात बघून म्हणालं, "ताई, कानाला चप्पल लावल्यासारखं दिसतं हो."

त्याहून वाईट म्हणजे गेम बदलायचा तर मागचं झाकण उघडा, बॅटरी काढा, मग नवा गेम घाला. तोवर फोन बंद! कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

१७ मार्च, मंगळवार

दुपारभर अप्पांचा फोन बंद. जीव टांगणीला लागला. संध्याकाळी उचलला. "अगं, गेम बदलत होतो. झाकणच बसेना." हसूच आलं. माझं एकुलतं एक समाधानी गिऱ्हाईक!

२४ मार्च, मंगळवार

पुन्हा बंद. पुन्हा गेमच. "तुझं यंत्र झकास आहे, लोकांना कळत नाही," म्हणाले. आवाज दमलेला होता, खेळून खेळून असेल. पण बरं वाटलं. आज दुसरं कुणी चांगलं बोललंच नाही.

२८ मार्च

कंपनीचा माणूस आला होता. हे यंत्र बंद करताहेत. पडून राहिलेला माल परत घेणार नाहीत. "पुढच्यात बॅटरी न काढता गेम बदलता आला असता," म्हणाला. वरातीमागून घोडं! नवऱ्याने गुपचूप काच रिकामी केली. त्याने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. फार वाईट वाटतंय.

३१ मार्च, मंगळवार

अप्पांचा फोन बंद. बदलत असतील गेम.

२ एप्रिल

अप्पांकडे गेले. कंपनी यंत्र बंद करतेय हे सांगितलं, तर तेच माझी समजूत घालत बसले. ते पाणी आणायला आत गेले. खणात तिन्ही पाकिटं दिसली. एकही फोडलेलं नाही. फोनचं झाकण उघडून पाहिलं – आत तोच शर्यतीचा गेम.

पेला पुढे करताना त्यांची बाही वर सरकली. कोपराच्या खळग्यात चिकटपट्टी, भोवती सुयांचे काळेनिळे डाग.

"मंगळवारी कुठे जाता, अप्पा?"

"औषध चढवतात," म्हणाले. "तिथे फोन बंद ठेवायला लावतात गं."