हिरव्या शाईची हमी

४ जून

ती. काकांस,
पुतणीचा सा. न. वि. वि.

आत्यानं तुमचा फोन कपाटात ठेवून किल्ली स्वतःजवळ घेतल्याचं तिनंच कळवलं. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झालेल्या माणसानं दिवसातून चाळीस वेळा कारखान्यात फोन करू नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तुम्ही ऐकलं नाहीत, आता भोगा. पत्रांना तिची ना नाही. पत्र पोचेपर्यंत माणसाचा राग निवतो, असं ती म्हणते.

कारखाना ठीक आहे. टाक्यांचं वेल्डिंग वेळेवर चाललंय. चाचणीचा हौद गळत होता, तो दुरुस्तीवाल्या पक्कडमामांनी एका सकाळीत बंद केला आणि दिवसभर मिरवत फिरले.

आता कामाचं. आपल्या शेडचा भाडेकरार ऑगस्टअखेर संपतो. मालक पुढची पाच वर्षं द्यायला तयार आहेत, पण त्यांना बँकेची हमी हवी. आणि बँकेला आपले हिशेब हवेत, नीट मांडलेले. नाही जमलं तर शेड गोदामवाल्यांकडे जाईल, आणि आपण एकतीस माणसं पाण्याचे हीटर कुठे बसून बनवणार ते मला ठाऊक नाही.

बँकेच्या बाईंनी दोन गोष्टी मागितल्यात. सही झाल्यावर पाच वर्षांच्या भाड्याचं देणं ताळेबंदात कसं दिसेल, ही एक. दुसरी, विकलेल्या हीटरांच्या वॉरंटीपोटी पुढे किती खर्च येणार, त्याची तरतूद. आपण हीटर परत आला की मग खर्च लिहितो. खरं तर विकला त्याच दिवशी तो अंदाजानं लिहायला हवा, कारण शब्द आपण त्या दिवशी देतो. वॉरंटीच्या कार्डावर दोन वर्षं छापलीत, तेवढ्यात शंभरातले चार परत येतात, म्हणजे गणित सोपं. पण परवा पक्कडमामा सात वर्षं जुन्या हीटरची कॉइल फुकट बदलताना दिसले. विचारलं, तर म्हणाले, तुझ्या काकांना विचार. म्हणून विचारते.

आपली,
पुतणी

---

१२ जून

चि. आकडेबाईस,
काकाचे अ. आ.

इथे मला सकाळी अर्धा तास चालवतात आणि उरलेला दिवस झोपवतात. तुझ्या आत्यानं मिठाची बरणी कुठे लपवली आहे ते शोधणं हाच सध्या माझा उद्योग. पक्कडला सांग, हौद दुरुस्त केलास त्याबद्दल शाबास, पण तो गळायला लागला होता तुझ्याच वेल्डिंगनं.

त्या कॉइलचं असं आहे. शनिवारी मी कारखान्याच्या काउंटरवर बसतो. कोणी नवं घर मांडणारं जोडपं येतं, कोणी एकटी म्हातारी, कोणी तीनदा खिसा चाचपून मग पैसे काढणारा. अशांच्या कार्डावरचं ‘दोन’ खोडून मी ‘दहा’ लिहितो आणि सही करतो. माझं हिरवं पेन तू पाहिलंच आहेस. अशी कार्डं किती, ते मोजलं नाही. मायेनं दिलेल्याची कोणी पावती ठेवतं का?

आता नीट ऐक. यातलं अक्षरही बँकेला सांगू नकोस. छापलेली दोन वर्षं, तेवढ्याचाच हिशेब दे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि ते भाड्याचं काय खूळ आहे? भाडं दर महिन्याला देतो, आजवर एकदाही चुकवलं नाही. मग साठ महिन्यांचं ओझं एकदम डोक्यावर घ्यायला आपल्याला वेड लागलंय का?

तुझा,
बिनमिठाचा काका

---

१९ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

भाड्याचं आधी सांगते. सही केली की साठ महिने शेड आपली आणि साठ महिने भाडंही आपलं. मधेच उठून जाता येत नाही. म्हणून ते देणं आजच्या किमतीला आणून पहिल्या दिवशीच दाखवायचं, आणि समोरच्या बाजूला शेड वापरायचा हक्कही दाखवायचा. एकटं ओझं नाही ते.

हिरव्या शाईचं मात्र मी झाकणार नाही. खाली तुमची सही आहे, म्हणजे देणं कारखान्याचं. तुम्ही शब्द देऊन मोकळे झालात. तो पाळायला पक्कडमामा भंगारातल्या टाक्यांचे सुटे भाग काढून डब्यात साठवतात, हे तुम्हाला माहीत होतं का? मला राग आलाय काका, आणि तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

मी काउंटरवर आणि सगळ्या दुकानदारांकडे पाटी लावली आहे, की हिरव्या शाईचं कार्ड असेल त्यांनी ते दाखवून नोंद करून घ्यावी. पक्कडमामांनी कपाळाला हात लावला. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण, असं म्हणाले. दोन हजार कार्डं निघाली तर बँक नाही म्हणेल, हे मलाही कळतं. दुकानदाराचा फोन वाजला की आज किती निघाली, हेच आधी विचारते. पण न मोजलेल्या आकड्यावर सही करायला माझा हात धजत नाही.

गोळ्या वेळेवर घ्या.

आपली,
पुतणी

---

२७ जून

चि. पोरीस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दोन दिवस यानं मिठाची बरणी शोधली नाही. जेवण आळणी म्हणून कुरकुरलासुद्धा नाही, तेव्हा मी घाबरलेच. तिसऱ्या दिवशी पेन मागितलं. तेव्हापासून औषधांच्या खोक्यातले ते घडीचे कागद उलटे करून त्यावर माणसं लिहीत बसलाय. तिसऱ्या मजल्यावरचा बासरीवाला, जुळ्या मुलींची शिक्षिका आई, काठी विसरून गेलेले पोस्टमास्तर. एकेकाचं आठवलं की वर्ष, दुकान, मजला, सगळं सांगतो. मी म्हटलं, बाबा रे, स्वतःच्या लग्नाची तारीख तुला कधी सांगता आली नाही. त्यावर हसला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

माझ्या न्हाणीघरातल्या हीटरचं कार्डही हिरव्या शाईचंच आहे. त्यावर मात्र ‘दहा’ नाही. ‘मी आहे तोवर’ असं लिहून सही ठोकली आहे. तू सगळी कार्डं मागवते आहेस, म्हणून सोबत पाठवते. थट्टेतलं असेल तर परत पाठव.

तुझी,
आत्या

---

२९ जून

चि. आकडेबाईस,
अ. आ.

यादी सोबत आहे. दोनशे सत्त्याण्णव आठवले. बाकीचे आठवत नाहीत, त्याची लाज वाटते.

तुझं पत्र लागलं मला. उदार मी झालो आणि पक्कड भंगार चिवडत बसला, हे खरंच माहीत नव्हतं. ऑपरेशनला आत नेताना माझ्या मनात देवाआधी ती शेड आली होती. माझ्याच पेनानं ती गेली, तर मला उभं राहायला जागा उरणार नाही. तरी तू म्हणतेस तसंच कर. सगळं दाखव.

एक राहिलं. त्या प्रत्येक कार्डाच्या मागे मी लिहून द्यायचो, की सहा महिन्यांनी तळाची तोटी उघडून गाळ काढून टाका. कोण वाचतंय म्हणा.

तुझा,
काका

---

३० जुलै

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

वाचलं, काका! लोकांनी वाचलं!

क्रमानं सांगते, नाहीतर आत्या म्हणेल की पोर पत्रातसुद्धा धावते. लोकांनी चारशे अडतीस कार्डं आणून दाखवली. तुमच्या यादीतले दोनशे एकसष्ट त्यांत होतेच. म्हणजे एकूण चारशे चौऱ्याहत्तर. पक्कडमामांनी आणि मी दुरुस्तीच्या साऱ्या जुन्या वह्या धुंडाळल्या. तितक्याच वयाच्या दुसऱ्या हीटरांत चारातला एक गळतो किंवा जळतो. त्या हिशेबानं मी छातीवर दगड ठेवून एकशे अठरा धरले होते. प्रत्यक्षात बिघडलेले निघाले फक्त एकोणचाळीस. कारण विचारायला मी वीस-पंचवीस घरी गेले. एका आजोबांनी कार्ड भिंतीला चिकटवलं होतं, मागची बाजू वर करून. तुमच्या त्या ओळीखाली गाळ काढल्याच्या तारखा होत्या, नऊ वर्षांच्या.

तरी तरतूद मोठीच झाली. यंदाचा नफा गेला आणि थोडा तोटा दिसतोय. बँकेच्या बाईंनी दोन तास वाचलं. हे चारशे चौऱ्याहत्तर कशावरून, असं त्यांनी विचारल्यावर मी तुमचे औषधांचे कागद पुढे ठेवले. त्या म्हणाल्या, तोटा दाखवणारे पुष्कळ येतात, तो कुठून आला ते इतक्या बारकाईनं सांगणारं कोणी येत नाही. हमी मिळाली. पाच नाही, तीन वर्षांची, पुढचं पुढे बघू म्हणाल्या. मालक कुरकुरले आणि मानले. सोमवारी सही आहे. एकतीसच्या एकतीस जण जागेवर आहेत. पक्कडमामांना सुट्या भागांचं वेगळं कपाट दिलं, तर ते त्याला स्वतःच्या खिशातलं कुलूप लावून बसलेत.

नव्या कार्डाच्या मागे तुमची गाळाची ओळ छापली आहे. कार्डाला एक फाडायचा तुकडाही जोडला आहे. हिरवं पेन खुशाल चालवा, तो तुकडा मात्र माझ्याकडे आला पाहिजे.

राहिलं आत्याचं कार्ड. थट्टा म्हणून परत पाठवणार होते, पण सही तुमची आहे, म्हणजे देणं आहे, म्हणजे तरतूद आली. आणि तरतुदीला वर्षं लागतात. ‘मी आहे तोवर’ म्हणजे किती, या रकान्यापाशी मी बराच वेळ अडले. मग वीस लिहिली. हिशेब तपासनिसांनी आधार विचारला. मी म्हटलं, डॉक्टरांचा ताजा रिपोर्ट, रोजचं अर्धा तास चालणं आणि आत्यानं लपवलेली मिठाची बरणी. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

तेव्हा काका, तुमची वीस वर्षं आता कारखान्याच्या वहीत आहेत. ती पुरी वापरायची. एकही शिल्लक राहिलेली मला चालणार नाही.

लोभ आहेच, तो वीस वर्षं तरी कमी होऊ देऊ नये, ही विनंती.

आपली,
आकडेबाई