बेसबॉलवाल्यांचं लॅमिनेशन

३ सप्टेंबर, बुधवार

जय अमेरिकेला कॉलेजात गेला त्याला पंधरवडा झाला. घर सुनं सुनं वगैरे काही नाही. नातवंडं शिकायला जाणारच. सून लतिका बाथरूममध्ये नळ सोडून रडते, पाणी फुकट जातं. मी रडले नाही. मला तसली सवय नाही.

जाताना त्याने त्याचा फोटोंचा अल्बम माझ्या हातात दिला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे बेसबॉल खेळणारे अमेरिकन. जाड पुठ्ठ्यावरचे तपकिरी फोटो, एकेकाच्या मिशा पायपुसण्यासारख्या. शाळेत असल्यापासून ऑनलाइन मागवायचा. म्हणाला, आजी, डिसेंबरमध्ये येईन तेव्हा नेईन, तोवर कुणाला हात लावू देऊ नकोस. म्हणजे येणार. त्याचा जीव अल्बमात, आणि अल्बम माझ्या पातळांखाली.

डिसेंबरची वाट बघायची नाही, असं ठरवलं आहे.

४ सप्टेंबर

लतिकेला सहज विचारलं, बेसनाचे लाडू किती दिवस टिकतात. म्हणाली, आई, आत्ता सप्टेंबर चालू आहे. मला माहीत आहे, कॅलेंडर माझ्याच खोलीत आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

अल्बम उघडला. हवा लागावी म्हणून. दुसरं कारण नाही.

जय प्रत्येकाचं नाव सांगायचा, ते इंग्रजी माझ्या जिभेवर बसेना. म्हणून मी माझी नावं ठेवली. एक मिशाळ मामलेदार. एक सुपारीवाला, गाल फुगलेला. एक बद्धकोष्ठवाला. त्याच्यावरून आमचं रोज भांडण. जय म्हणायचा, आजी, ही इज अ लेजंड! मी म्हणायची, असेल, पण पोट साफ नाही. मग तो चिडून जेवणाचं ताट घेऊन माझ्यासमोरच येऊन बसायचा, भांडण पुरं करायला.

कोपऱ्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके दिसले. शारजाची दमट हवा लोखंड खाते, कागद कोण लागून गेला. बंदोबस्त करायला हवा.

२१ सप्टेंबर, रविवार

इमारतीखालच्या टायपिंग सेंटरमध्ये गेले, व्हिसाचे अर्ज टाइप करून देतात तिथे. आमच्या घरात महत्त्वाचा कागद म्हणजे लॅमिनेशन. माझ्या मुलाची, उपेंद्रची डिग्री, ह्यांच्या मृत्यूचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये, आजही नव्यासारखं. तिथल्या जहूरने फोटो बघून विचारलं, अम्मा, ये सब आपके रिश्तेदार? मी म्हटलं, हां, अमेरिका साइड के. दाढीतल्या दाढीत हसला. पण पुठ्ठे जाड, मशीनमध्ये जाईनात.

घरी येऊन कोमट पाण्यात भिजवून पुठ्ठे सोडवले. पाकिटावरचं तिकीट सोडवतात तसे. सुटले की! पंख्याखाली वाळवले. थोडे ओले होते, पण मला दम नाही. संध्याकाळी परत गेले. जहूर म्हणाला, अब देखो अम्मा, कैसा चमकता है. चमकले खरे. खलास, बुरशीचा विषय संपला. जय बघतच राहील.

६ ऑक्टोबर, सोमवार

नात मिहिका किंचाळली. नववीत गेली तरी आवाज चौथीतलाच. ओ माय गॉड, आजी, व्हॉट डिड यू डू! म्हणे पुठ्ठ्याच्या मागे त्या खेळाडूंच्या सह्या होत्या. मी म्हटलं, पेन्सिलीचं गिरगटलेलं होतं, मला वाटलं दुकानदाराचा हिशेब. पुठ्ठे तर कधीच कचऱ्यात गेले.

उपेंद्र दुबईतल्या अल क्वोजच्या गोडाऊनमधून ट्रॅफिक जॅम काढत आला तो बुटांसकट सोफ्यावर बसला. म्हणाला, आई, निदान विचारायचं तरी. मग मिहिकाला म्हणाला, दादाला बोलू नकोस. ती म्हणाली, ही विल लिटरली डाय. मी म्हटलं, फोटोंपायी कुणी मरत नाही.

मामलेदाराच्या गालावर फोड आलेत एवढंच. हवा राहिली असेल आत. सगळे आट्याच्या पिशवीखाली ठेवले. बसतील.

१३ ऑक्टोबर

बसले नाहीत. उलट सुपारीवाल्याचा दुसरा गालही फुगला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दिवाळीचा जयचा फोन. चार वाक्यं, त्यात दोन हॅलो. मागून कोणी हसत होतं. आजी, गॉट टू गो, म्हणाला. अभ्यास असतो. रिकामटेकडा असता तर मलाच राग आला असता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

उपेंद्र म्हणतो, जय डिसेंबरमध्ये येत नाही. सुट्टीत मित्राच्या घरी जाणार. मी म्हटलं, येणार, अल्बम इथे आहे. लतिका म्हणाली, आई, अल्बमसाठी कुणी एवढा प्रवास करत नाही. मी म्हटलं, तुला फोटोंतलं काय कळतं? ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला असं बघितलेलं आवडत नाही.

विचार करून ठरवलं. त्याला सगळं खरं सांगायचं. चिडला की तो लांबून भांडत नाही, समोर येतो. बापाच्या मानगुटीवर बसून तिकीट काढेल. आल्यावर मी काय बोलायचं तेही ठरलं. पहिलं, बुरशी. दुसरं, तू तरी कुठे सांगितलंस मागे सह्या आहेत. तिसरं, जेवून घे आधी.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सांगणार होते. गुडघा दुखत होता.

१९ नोव्हेंबर

त्याची परीक्षा असेल. परीक्षेत डोकं फिरवू नये.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ

सांगितलं. व्हिडिओवर मामलेदार धरून दाखवला, फोडांसकट. भिजवले, सोडवले, सह्या कचऱ्यात गेल्या, सगळं एका दमात. बद्धकोष्ठवाल्याला तर तोंडच राहिलं नाही, हेही सांगितलं. आणि थांबले.

जय म्हणाला, इट्स ओके, आजी.

मी म्हटलं, ओके कसं? नीट बघ, पोपडे निघालेत. म्हणाला, नो नो, रिअली. आय डोन्ट कलेक्ट एनीमोअर. यू कीप देम. मी म्हटलं, मी काय करू, माझे कोण लागतात ते? हसला. पाहुण्यांसमोर हसतात तसा.

मी म्हटलं, अरे, तुझा लेजंड गेला. म्हणाला, हू?

मग त्याने विचारलं, तिकडे थंडी पडली का. मी म्हटलं, पहाटे थोडी. तुझ्याकडे? म्हणाला, स्नो. मी म्हटलं, अच्छा. तोही म्हणाला, अच्छा.