कडू दुसऱ्यानं द्यावं

चिकलठाणा, छ. संभाजीनगर
३ नोव्हेंबर २०२५

ती. दादांना आणि आईला,
मोनिकाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर वाचताना तुम्ही चिडता, म्हणून आपल्या गावच्या सुदर्शनच्या जीपनं हे पत्र पाठवतेय. पिठाच्या गिरणीनं तुमचे कान नेले पण डोळे ठेवले, हे माझं नशीब. आईला वाचून दाखवा, मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल असं नको.

बाळ तीन आठवड्यांची झाली. वजन दीड किलोच्या जरा वर. आईनं पिशोरला माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आणि ही बया दोन महिने आधीच येऊन बसली. दिवाळी दवाखान्यात गेली. फराळ सत्यमनं एकट्यानं संपवला, ते त्याच्या पोटाकडं बघून कळतं.

डॉक्टर म्हणतात काळजीचं काही नाही. पण दादा, मला चैन नाही. दर दोन-चार दिवसांनी तिच्या टाचेला सुई टोचून रक्त घेतात. टाच केवढी, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. त्या वेळी मी बाहेर पळते. इथल्या मंजुषा सिस्टर रोज मागं लागतात की पळू नका, बाळाला उघड्या छातीशी घ्या, तिचे दोन्ही हात हनुवटीपाशी गोळा करून धरा, जिभेवर दुधाचा थेंब लावा. जिभेला गोड लागलं, आईची ऊब मिळाली की एवढ्याशा जिवाचं दुखणंही हलकं होतं, त्याला औषध लागत नाही, असं त्या म्हणतात.

सुईच्या वेळी मी तिला अजून एकदाही धरलेलं नाही. आमच्या सासूबाईंच्या घरात रीत आहे की कडू दुसऱ्यानं द्यावं, गोड आईनं. सत्यमला लहानपणी कडू औषध पाजायला शेजारीण यायची, सासूबाई मागून साखर घेऊन यायच्या. ज्या अंगाशी दुखलं ते अंग लेकरू विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते माझ्या डोक्यात बसलंय. तिला अजून माझा चेहरा धड दिसत नाही, फक्त वास कळतो. त्या वासाबरोबर सुईच लक्षात राहिली तर? ती मला बघून रडायला लागली तर मी काय करू?

आईच्या गुडघ्याला जपा. उत्तर लगेच पाठवा, जीप सकाळी निघते.
तुमची,
मोनिका


पिशोर
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मोनिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणते मी ओरडून वाचतो. मला तर पुटपुटल्यासारखं वाटत होतं.

इथं मका काढायला आलाय, माणसं मिळत नाहीत, आणि मी वावरात गेलो तरी बांधावरून परत घरी येतो. घरी आलो की परत वावरात. तुझी आई म्हणते, बसा की एका जागी, लई झालं. बसवत नाही. सगळे तिकडं जाऊन आले, फोटो आणले, वजन सांगितलं. पण लेकरू रडतं कसं ते मला कोणी सांगत नाही. बहिऱ्याला काय करायचंय, असं वाटत असेल. तू लिही. बारीक रडते की खणखणीत?

तुझ्या त्या सिस्टरची गोडाची गोष्ट मला पटली. म्हणून पत्राबरोबर बाटली पाठवलीय. आपल्या बांधावरच्या लिंबाच्या झाडावरचं मोहोळ परवाच काढलं, त्यातला मध आहे, अस्सल. सुई टोचायच्या आधी बोटभर चाटव. दूध गोड असतं व्हय, पण मधापुढं काय. सिस्टरलाही थोडा दे, बाई कामाची दिसते.

विहीणबाईंना नमस्कार सांग. त्यांच्या रीतीबद्दल मला बोलायचंय, पण आधी नीट विचार करतो. नाहीतर तुझी आई म्हणेल, लेकीचं सासर आहे, जीभ आवरा.

तुझा,
दादा


चिकलठाणा
८ नोव्हेंबर २०२५

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या बाटलीनं मला भर वॉर्डात बोलणी खायला लावली. मी भोळेपणानं सिस्टरना दाखवली. त्यांनी आधी बाटली हातातून काढून घेतली आणि मग विचारलं की ही कोणाची अक्कल. वर्षाच्या आतल्या लेकराला मध चुकूनसुद्धा द्यायचा नाही, जिवावर बेततं. गोड म्हणजे आईच्या दुधाचा थेंब, दुसरं काही नाही. मी तुमचं नाव सांगून मोकळी झाले. त्या म्हणाल्या, आजोबांना माझा राम राम सांगा आणि बाटली बाळाच्या बापाला द्या. ती आता सत्यमच्या पोळीवर रिकामी होतेय. रागवू नका. रागावला असाल तर मका काढा.

आता खरं सांगते. बुधवारी तिचे डोळे तपासायला डॉक्टर येणार आहेत. वेळेआधी आलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा बघावाच लागतो, नाहीतर नजर जाऊ शकते. बधिर करायचे थेंब टाकतात, तरी पापण्या चिमट्यानं उघड्या धरतात. सिस्टर म्हणतात की हे टाचेपेक्षा जड जातं, म्हणून बाळाला दुपट्यात गुंडाळून कोणीतरी घरच्यानं हात धरून जवळ थांबायचं. त्या कोणाकडं बघून बोलत होत्या ते मला कळलं.

मी सत्यमला तयार केलंय. तो रजा काढून येईल. मी बाहेर थांबेन आणि झाल्यावर तिला पाजायला आत जाईन. सासूबाईंना हेच बरोबर वाटतं. मलाही वाटतं. मग झोप का लागत नाही, ते तुम्हीच सांगा.

तुमची,
मोनिका


पिशोर
१० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मोनिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मधाचं चुकलं. तुझ्या आईनंही तुला सव्वा महिन्याची असताना चाटवला होता, तू वाचलीस ते नशीब. सिस्टरला सांग, पुन्हा नाय.

आता विहीणबाईंच्या रीतीचं. तू पाच वर्षांची असताना गिरणीमागच्या पिसाळलेल्या कुत्र्यानं तुझी पिंढरी फोडली होती. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. रोज दवाखान्यात तुझी आई तुला मांडीवर घ्यायची, दोन्ही हात आपल्या हातात धरायची आणि राजेंद्र कंपाउंडर सुई द्यायचा. तू तिच्या पदरात तोंड खुपसून किंचाळायचीस. तेव्हा माझे कान चांगले होते, मी ते ऐकलंय. आणि रोज येताना एसटीत तू कोणाच्या मांडीवर झोपायचीस? माझ्याकडं खाऊ असायचा, मी बोलवायचो. येत नव्हतीस. जिनं धरून ठेवलं होतं तिच्याच मांडीवर झोपायचीस.

राग तुझ्या मनात राहिला, व्हय, पण तो राजेंद्रवर. लग्नात त्याला पत्रिका द्यायची नाही म्हणून तू हटून बसली होतीस. त्या माणसानं तुझा जीव वाचवला आणि त्याला तुझ्या लग्नाचं जेवण मिळालं नाही. आजही तो भेटला की मला विचारतो की पोरगी अजून रागात आहे का.

म्हणजे लेकराला कळतं, बाई. सुई कोणाची आणि मांडी कोणाची, एवढं कळतं. विहीणबाईंनी साखर दिली ते प्रेमानंच दिलं, त्यांना दुखवू नको. पण बुधवारी सत्यमला बाहेर बसव. तुझी आई म्हणते, त्याला रक्त बघून चक्कर येते हे तिला साखरपुड्यातच कळलं होतं.

आणि रडणं कसं आहे ते तू अजून लिहिलं नाहीस.

तुझा,
दादा


चिकलठाणा
१३ नोव्हेंबर २०२५

ती. दादांना आणि आईला,
सा. न. वि. वि.

सुदर्शननं तुमचं पत्र सत्यमकडं दिलं आणि सत्यमनं ते डब्याच्या पिशवीत टाकलं. त्याला पिठल्याचा डाग पडला होता. मी ते काल तपासणीच्या आधी कॉरिडॉरमध्ये वाचलं. राजेंद्र काकांवर हसायला आलं आणि तिथंच रडूही आलं. सत्यमला म्हटलं, तू थांब. तो इतक्या पटकन बसला की आईचं खरं असावं.

मी आत गेले. सिस्टरनी दुपटं माझ्या हातात दिलं. मी तिला गुंडाळलं, हात हनुवटीशी गोळा करून धरले, दुधात भिजवलेलं बोट तिच्या तोंडात दिलं. डॉक्टरांनी चिमटा लावला आणि ती रडली. दादा, काही जादू झाली नाही. ती खूप रडली. पण तिचे हात माझ्या हातात होते आणि मधेमधे ती बोट चोखायची, थांबायची, पुन्हा रडायची. मी पळाले नाही. मला वाटत होतं की आता हिच्या मनातून मी उतरले, कायमची.

झाल्यावर तिचे डोळे सुजून मिटलेले होते. सिस्टरनी तिला माझ्या छातीवर ठेवलं. मी वाट बघत होते की ती मान फिरवेल. तिनं फिरवली, पण माझ्याकडं. डोळे मिटलेले, तरी नाकानं शोधत शोधत आली, गाल टेकवला आणि गप झाली. मीच मग इतकी रडले की सिस्टरना मला पाणी द्यावं लागलं.

पडदा सध्या चांगला आहे, दोन आठवड्यांनी पुन्हा बघतील. सासूबाई दारातल्या काचेतून बघत होत्या. रात्री जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, आजीला छातीशी घेऊ देतात का.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ती मांजरीच्या पिलासारखी रडते, पातळ, आणि शेवटी जरा कापतं. पण हे लिहून कळायचं नाही. घरातल्या कोणीही अंघोळ करून यावं, सिस्टर घेऊ देतात. तुम्ही या.

तुमची,
मोनिका


पिशोर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. मोनिका हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. मका अजून उभा आहे. तुझी आई विचारते काय काय झालं, आणि मी सांगतोय ते तिला पुरत नाही, म्हणून तुलाच लिहितो.

सिस्टरनं सदरा काढायला लावला तेव्हा मला लाज वाटली, चार बाया बसलेल्या होत्या. मग लेकरू छातीवर आलं आणि लाज कुठं गेली कळलं नाही. त्यात त्याच वेळी टाचेचं रक्त घ्यायचं निघालं. तू मला खुणेनं विचारलंस की देऊ का सिस्टरकडं. मी नको म्हणून मान हलवली. मला जमेल असं वाटत नव्हतं, पण तू समोर उभी होतीस.

सुई टोचली तेव्हा तिचं तोंड उघडलेलं दिसलं. ऐकू काही आलं नाही. पण माझ्या बरगड्यांना ते कळलं. गिरणी चालू असताना भिंतीला हात लावला की कळायचं तसं, फक्त लई बारीक. तू लिहिलं होतंस तसंच, शेवटी जरा कापतं. मी हात धरून बसलो. मग ते हळूहळू कमी झालं आणि थांबलं. तुम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत होतात. थांबलं ते मला आधी कळलं.

दहा वर्षांत मी कोणाचा आवाज असा ऐकला नव्हता.

घरी आल्यापासून मी एका जागी बसतो, असं तुझी आई सगळ्यांना सांगत सुटलीय. राजेंद्रला रस्त्यात गाठून बारशाचं आमंत्रण मी देऊन टाकलंय, तू आता नाही म्हणू नको. विहीणबाईंना आणि जावईबापूंना नमस्कार. आहे ती माया अशीच राहू दे.

पुढची सुई कधी आहे ते कळव. मी येतो.

तुझा,
दादा